नील बेटावरच्या अनोळखी माणसांचे आभार

आम्ही बेळगावची, टिळकवाडीतली माणसं. समुद्र म्हटलं की गोवा, नाहीतर मालवण. यंदा अंदमानातल्या नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर गेलो. लक्ष्मणपूरच्या दगडी कमानीपाशी ओहोटीतच जाता येतं, आणि वाट सगळी निसरड्या खडकांची. तिथं आमच्या आत्याचा हात धरून तिला नेऊन परत आणणारे बंगाली दादा, तुमचे मनापासून आभार. पैसे घेतले नाहीत. बेळगावचा कुंदा मात्र मागून खाल्लात! पोराच्या खिशातलं प्रवाळ परत ठेवायला लावणाऱ्या ताई, तुमचेही. विमानतळावर पकडलं जाण्यापेक्षा ते बरं. आणि हिवाळ्यात तिथं पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, हे वेळेवर सांगणारे रिक्षावाले काका, तुमचेही.