आरोग्यमंत्री साहेब, प्लेटलेटबरोबर पोटॅशियमही मोजायला सांगा

माननीय आरोग्यमंत्री साहेब, गोवा,
नमस्कार.

गेल्या पावसात, गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात, माझ्या बाबांना डेंगी झाला. घरात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं सामान जमवायची धांदल आणि बाबा चार दिवस तापात, उलट्या एवढ्या की पेजसुद्धा पोटात ठरेना. वय 67, बीपीची गोळी चालू, त्यातही ती लघवी जास्त करवणारी. शेवटी ॲडमिट केलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांनी हातात होतं तेवढं सगळं केलं, आणि मला कुणाला नोटीस काढायला लावायची नाहीये.

तिथे सगळे एकच विचारायचे, प्लेटलेट किती? मामाचा फोन, प्लेटलेट किती, शेजारी आले, प्लेटलेट किती, आतेने पपईच्या पानांचा रस काढून पाठवला. 48 हजार, मग 60, मग 90 झाले तेव्हा आईने देवाला नारळ बोलला. आणि त्याच संध्याकाळी बाबा संडासला जायला उठले आणि गुडघ्यातून खालीच बसले. म्हणे अशक्तपणा, ताप उतरल्यावर असं होतंच. रात्री पेजेचा पेला उचलवेना त्यांना, मी चमच्याने भरवत होते आणि ते नुसते माझ्याकडे बघत होते. पाय उचला म्हटलं तर टाच गादीवर घासत सरकायची, वर येतच नव्हती.

रात्रपाळीच्या डॉक्टर मुलीला शंका आली. तिने ईसीजी काढला, पट्टी उजेडात धरून दोनदा बघितली आणि म्हणाली रक्तातलं पोटॅशियम बघायला हवं. पण रात्री ती टेस्ट तिथे होत नव्हती. सँपल सकाळच्या गाडीने गेलं, रिपोर्ट दुपारी आला. 2.3. नॉर्मल साधारण 3.5 ते 5 असतं, आणि 2.5 च्या खाली गेलं की हातपाय लुळे पडू शकतात आणि हार्टचे ठोके कधीही बिघडू शकतात. म्हणजे ती सगळी रात्र आम्ही आकडा माहीत नसताना काढली. तिने थोडं पोटॅशियमचं सिरप तोंडाने दिलं आणि मॉनिटरशेजारी बसून राहिली, कारण अंदाजाने शिरेतून पोटॅशियम चढवलं आणि जास्त झालं तर त्यानेही हार्ट थांबतं.

नंतर मी विचारत, वाचत गेले. उलट्या-जुलाब, पोटात अन्न नाही, लघवीची गोळी, सगळ्यातून पोटॅशियम जातं. दम लागला म्हणून वाफ देतात त्या औषधाने ते रक्तातून पेशींत ओढलं जातं, स्टिरॉइडने लघवीतून जातं. साध्या सलाइनमध्ये पोटॅशियम अजिबात नसतं, रिंगर लॅक्टेट नावाच्या सलाइनमध्ये लिटरला जेमतेम 4 मिलीमोल, रिपोर्टच्याच मापात, त्यामुळे बाटल्यांवर बाटल्या चढवून ते भरून निघत नाही. कोविडमध्येही हेच दिसलं होतं, 2020 मध्ये चीनमधल्या वेन्झोऊच्या डॉक्टरांनी 175 पेशंट तपासले त्यात निम्म्याहून जास्त लोकांचं पोटॅशियम कमी निघालं. तेव्हा आपण सगळे बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो, आता प्लेटलेट मोजत बसतो, आणि हा आकडा बाजूलाच राहतो.

साहेब, माझं मागणं मोठं नाही. व्हायरल तापाने जो ॲडमिट होईल त्याचं सोडियम-पोटॅशियम पहिल्याच दिवशी बघायचं, आणि उलट्या-जुलाब, बीपीची गोळी किंवा वय जास्त असेल तर रोज, असा आदेश काढा. आणि पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण अशा लांबच्या तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत ही टेस्ट रात्रीसुद्धा होईल असं बघा, मशीन, त्याचं केमिकल आणि चालवणारा टेक्निशियन, तिन्ही, नाहीतर मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं राहतं. सँपल लांब पाठवण्यात अजून एक धोका आहे जो मला आधी ठाऊकच नव्हता. गाडीत हिंदकळून रक्तपेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट वाढवून दाखवतो. म्हणजे खरं 2.8 असलेला माणूस कागदावर नॉर्मल होऊन घरी जाऊ शकतो!

मॅग्नेशियमही बघायला सांगा, ते कमी असेल तर कितीही पोटॅशियम द्या, टिकत नाही. बाबांचं तसंच झालं, दोन दिवस आकडा हलेना. आणि डिस्चार्जच्या कागदावर हा आकडा लिहून द्या, म्हणजे घरच्यांना कळेल शहाळं द्यायचं की नाही, कारण किडनीच्या पेशंटला तेच शहाळं घातक ठरतं आणि आपल्याकडे आजारी माणूस दिसला की पहिलं शहाळंच पुढे करतात.

बाबा चवथीच्या दुसऱ्या दिवशी घरी आले, भिंतीला धरून. निघताना त्या डॉक्टर मुलीला हात जोडून देव बरें करूं (देव तुझं भलं करो) म्हणाले, हात तेवढे वर आलेले बघून ती रडली. आता परत कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत जातात. तो 2.3 चा रिपोर्ट आणि ईसीजीची पट्टी मी फाइलमध्ये ठेवलीय. आमच्या बाजूला आलात तर घरी या, दाखवते.

आपली,
गोव्यातल्या एका खेड्यातली एक मुलगी