खंडपीठाआधीचे वकील

मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ म्हटलं की ते कायम झालं तो दिवस, २७ ऑगस्ट १९८४, आठवतो. १९८१ ची तात्पुरती सुरुवात आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने दिलेला कौल यांचा उल्लेखही होतो, पण ओझरता. त्याआधीच्या वकिलांचं काय? १९५६ पर्यंत आपली, म्हणजे मराठवाड्याची, अपिलं हैदराबादला जायची, नंतर मुंबईला. आजोबांच्या पेटीत अजून एक उर्दू मिसल (खटल्याच्या कागदांची फाईल) आहे. समासात त्यांची मोडी टिपणं, शाई पार विटलेली. दिगंबरराव बिंदू याच पिढीतले वकील, पुढे १९५२ च्या हैदराबाद राज्याच्या बुर्गुल रामकृष्णराव मंत्रिमंडळात गृहमंत्री. (आमच्या बाररूममधल्या निम्म्या ज्युनिअरांना नावही ठाऊक नाही!) वकील संघांनी या पिढीची छायाचित्रं आणि कागद निदान स्कॅन तरी करून ठेवावेत. आमची मिसल मी आणून देतो.

– एक वकील, अंबाजोगाई