धूर आला म्हणजे मशीन गेली असे नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळा उघडायच्या आधी अडगळीच्या खोल्या रिकाम्या होतात आणि आमच्या शहापुरातल्या भंगारवाल्याचे आवार भरते. त्या दिवसांत मी तिथे रोज एक चक्कर टाकतो. ३५ वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. आता दुकान नाही, पण हात स्वस्थ बसत नाहीत. यंदा मोडक्या बाकांच्या सांगाड्यांखाली दोन मळकट डबे दिसले. "टाईपरायटर हायेत मामा, काय करायलाय घेऊन?" पोरगा म्हणाला. मी लुंगीच्या सोग्याने एकावरची धूळ पुसली. वरच्या रांगेत तांबड्या कळा. बीबीसी मायक्रो!

नव्या वाचकांसाठी सांगतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा हा संगणक १९८१ च्या अखेरीस निघाला. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला, तेव्हा हेच मशीन घेतले गेले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने 'युनिकॉर्न' नावाने ते आपल्याकडेही काढले होते. स्मरणशक्ती ३२ केबी. सकाळी फोनवर येणाऱ्या फुलांच्या 'सुप्रभात'ला याहून जास्त जागा लागते.

मी पैसे आणायला घरी गेलो आणि तेवढ्यात घात झाला. परत येतो तो आवारात मासळी जळाल्यासारखा वास. चालते का ते बघू म्हणून पोराने एकाची वायर थेट प्लगात खुपसली होती. आतून फट्ट आवाज, मग पांढरा धूर. "खलास," म्हणून त्याने हातोडा घातला आणि तांबे काढायला बसला. दुसरा डबा मी १०० रुपयांना उचलला, तोही घासाघीस न करता. चूक पोराची नाही म्हणा. ज्यांच्या खोलीत ही मशीन ४० वर्षे पडून होती, त्यांनी कुणाला विचारले असते तर?

संपादक महोदय, धूर आलेले ते पहिले मशीन मेलेले नव्हते. पॉवर सप्लायमध्ये मेन लाईनवर पिवळसर, काचेसारखा दिसणारा एक कपॅसिटर असतो. आत कागद. काळाने वरच्या आवरणाला बारीक चिरा पडतात, कागद दमट होतो आणि करंट मिळाला की तो तापून फुटतो. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच; खानापूरकडे तर भिंतीवरच्या कॅलेंडरालाही बुरशी येते. हा कपॅसिटर फक्त लाईनवरचा खरखराट गाळण्यासाठी असतो. तो फुटला तरी बाकीचे मशीन बहुतेक वेळा शाबूत राहते. धूर मात्र असा की चिता पेटल्यासारखी वाटावी.

म्हणून दुसरा डबा घरी आणल्यावर मी पहिले १५ दिवस त्याला वीज दाखवली नाही. मागे दोन आणि खाली दोन स्क्रू, शेजारी 'फिक्स' असे छापलेले. झाकण उघडले तर आत झुरळांची लेंडी, पालीची दोन अंडी (रिकामी), खडूची धूळ आणि भोपाळच्या नकाशाचा एक तुकडा. तो तिथे कसा गेला देव जाणे. रंगकामाच्या मऊ ब्रशने सगळे झाडले. कळा एकेक उपसून साबणाच्या पाण्यात टाकल्या; उपसण्याआधी फोटो काढला, नाहीतर ७० पेक्षा जास्त कळा परत लावताना रडायची पाळी. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पॉवर सप्लायमध्ये असले पिवळे कपॅसिटर दोन निघाले; दोन्ही काढून मेन लाईनवर चालणारे, एक्स-टू जातीचे नवे घातले. मोठा ०.१ मायक्रोफॅरडचा, मिक्सरमध्ये घालतो तसलाच. दहा रुपये.

मग बोर्ड सोडवून पॉवर सप्लाय वेगळा तपासला. मीटरवर पाच व्होल्ट बरोबर. सगळे जोडले, स्वयंपाकघरातल्या टीव्हीच्या एव्ही सॉकेटला वायर लावली (मागची बीएनसी पिन सीसीटीव्हीवाल्याकडे मिळते) आणि बटण दाबले.

भोंऽऽऽऽ.

बायको आतून ओरडली, "गिरणी लावलीसा काय?" हे मशीन धड असले तर सुरू होताना क्षणभर घोगरा आवाज काढते आणि लगेच बारीक 'बीप' करून गप्प बसते. घोगरा आवाज थांबलाच नाही, तर समजायचे की आतला कारभारी, म्हणजे प्रोसेसर, जागाच झालेला नाही. मला उलट बरे वाटले. आवाज तरी येतोय. कीबोर्डखाली उजव्या कोपऱ्यात पाच मोठी सॉकेट असतात, त्यांतच रॉमच्या, म्हणजे मशीनचे कायमचे प्रोग्रॅम साठवलेल्या, आयसी बसवलेल्या. बंद करून, वायर काढून, त्या अलगद उचकटल्या. पाय काळे पडलेले, जुन्या चांदीच्या पैंजणासारखे. नातीच्या खोडरबराने एकेक पाय घासला. एक पाय सॉकेटात न जाता पोटाखाली दुमडला होता, तो चिमट्याने सरळ केला. पुन्हा दाबून बसवल्या, बटण दाबले. भों-बीप! पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', आणि लुकलुकणारी रेघ.

माझे म्हणणे एवढेच, की जिल्ह्यातल्या शाळांनी खोली रिकामी करताना असल्या डब्यांचा किलोवर सौदा करू नये. निदान 'चालते का बघू' म्हणून प्लग लावू नये. आमच्यासारखी चार रिकामटेकडी म्हातारी माणसे निपाणीपासून खानापूरपर्यंत प्रत्येक गावात आहेत. बोलावले तर स्क्रूड्रायव्हर घेऊन येतील, चहावर.

नात सातवीत आहे. या मशीनवर 'व्हीडीयू २३' म्हणून आज्ञा आहे, तिने आठ बाय आठ ठिपक्यांचे आपले स्वतःचे अक्षर बनवता येते. प्रत्येक ओळीला एक आकडा द्यायचा. गणिताच्या वहीतल्या चौकटींवर तिने आधी 'ळ' काढला. शिरोरेषेचे आठही ठिपके भरलेले, म्हणून पहिला आकडा सगळ्यांत मोठा, २५५. उरलेल्या सात ओळींत दोन गाठी बसवताना तिचे खोडरबर संपले. मग शाळेत शिकलेला कानडी 'ळ' काढला. त्याला शिरोरेषा नाही, त्यामुळे त्याला एक ओळ जास्त मिळते, हे तिनेच मला दाखवले. आता तिला 'बेळगाव' पूर्ण लिहायचे आहे. 'बे'ची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते आणि वर ठिपकाच शिल्लक नाही. त्यावरून आमचे दोन दिवस भांडण चालू आहे.

आपला,
एक जुना रेडिओ-टीव्ही मेकॅनिक,
शहापूर, बेळगाव