मानसशास्त्राला प्रवेश घेताना विभाग पाहा, नुसते नाव नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागून गुणवत्ता याद्या सुरू झाल्या, की मानसशास्त्र घेऊ पाहणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या हातात एकाच वेळी दोन-तीन प्रवेश येतात. अनुदानित महाविद्यालयातील बी.ए., खासगी विद्यापीठातील बी.एस्सी. आणि सीयूईटी ही विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा दिली असेल तर परराज्यातील केंद्रीय विद्यापीठातील जागा. शुल्क भरायला मोजके दिवस मिळतात आणि तेवढ्यात घरात जो निर्णय होतो, तो बहुतेक वेळा महाविद्यालयाचे नाव, कटऑफ किंवा नॅक या मूल्यांकन संस्थेने दिलेली श्रेणी पाहून. या तिन्हींतून मानसशास्त्र विभागाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते. ‘ए प्लस प्लस’ असलेल्या महाविद्यालयातही मानसशास्त्राला एकच पूर्णवेळ शिक्षक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे, असे असू शकते. कटऑफवरून जागेला मागणी किती ते कळते, वर्गात काय शिकवतात ते नाही. म्हणून या विषयाचे शिक्षक या नात्याने, प्रवेश पक्का करण्याआधी काय तपासावे ते सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिट्सच्या, तक्त्यापासून करावी. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, आराखड्यात त्यांपैकी मुख्य विषयाला, म्हणजे मेजरला, अनुक्रमे किमान ६० आणि ८० श्रेयांक आहेत. प्रत्येक संस्थेकडून सहाही सत्रांचा तक्ता मागून घ्या आणि त्यातून भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, खुले वैकल्पिक विषय बाजूला काढून उरलेले मानसशास्त्राचे पेपर एका कागदावर लिहा. संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, मेंदू आणि वर्तन, बोधनिक प्रक्रिया, विकासात्मक, सामाजिक, अपसामान्य मानसशास्त्र आणि मानसमापन हे आठ विषय त्यात दिसले पाहिजेत. काही माहितीपत्रकांत फॉरेन्सिक, क्रीडा, पॉझिटिव्ह सायकॉलॉजी अशी आकर्षक नावे भरपूर असतात आणि संख्याशास्त्राचा एखादाच पेपर कुठेतरी कोपऱ्यात असतो. असा अभ्यासक्रम पहिल्या वर्षी मजेचा वाटतो, एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत आणि प्रबंधात मात्र मुले तिथेच अडतात.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट लेखी विचारावी: मानसशास्त्र हा मुख्य विषय पहिल्या दिवसापासून आपलाच आहे, की पहिल्या वर्षानंतर ठरणार आहे? काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने घेतले जातात आणि मेजर नंतर निवडायचा असतो. तेव्हा मानसशास्त्राच्या जागा मर्यादित असतील, तर वाटप गुणांवर होते. प्रवेश मिळाला म्हणून निश्चिंत राहिलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्राकडे वळावे लागू शकते. जागा किती आणि निकष काय, हे आधीच कळलेले बरे. चौथ्या वर्षाचीही चौकशी करावी. संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण ही यूजीसीची अट आहे, आणि प्रबंधाला मार्गदर्शन करू शकणारे शिक्षक विभागात असावे लागतात. चार वर्षे पूर्ण केली, तर पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षात करण्याची सोय नियमांत आहे. ती एक वर्षाची एम.ए. आपल्या विद्यापीठात खरोखर सुरू आहे का, हेही विचारून ठेवावे.

आता प्रात्यक्षिके. सर्वांत जास्त फरक इथे पडतो आणि पालकांचे लक्ष सर्वांत कमी इथेच असते. विभाग पाहायला जाल तेव्हा प्रयोगशाळेचे कुलूप उघडायला सांगा आणि तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याचे प्रात्यक्षिकाचे एखादे जर्नल पाच मिनिटे चाळा. म्युलर-लायर भ्रमाचाच (टोकांच्या खुणांमुळे सारख्या रेषा लहान-मोठ्या भासण्याचा) प्रयोग घ्या, जो जवळपास सगळीकडे असतो. बाण आणि पिसे लावलेल्या दोन रेषा सारख्या दिसेपर्यंत प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, एक रेषा सरकवतो. नीट घेतलेल्या प्रयोगात निम्म्या वेळा ती रेषा लांब ठेवून कमी करत आणलेली असते, निम्म्या वेळा आखूड ठेवून वाढवत नेलेली असते. डावी-उजवी बाजूही आलटून पालटून घेतलेली असते. तसे केले नाही, तर हाताच्या हालचालीची किंवा जागेची सवय भ्रमाच्या मापात मिसळते आणि निष्कर्ष कशाचा आहे तेच कळत नाही. प्रत्येक प्रयत्नाचे माप मिलिमीटरमध्ये, सरासरी, स्थिर त्रुटी (एकाच दिशेने होणारी चूक) आणि शेवटी ‘असे का घडले असावे’ याची चर्चा, एवढे जर्नलमध्ये हवे. आकडे खरे असतील तर ते वर-खाली होतात. एका बॅचच्या चार-पाच जर्नलांत आकडे एकसारखे गुळगुळीत असतील आणि चर्चेची वाक्येही तीच असतील, तर प्रयोग झालेलाच नाही, जर्नल उतरवून काढले आहे. ते तपासून सही करणारा शिक्षकही प्रात्यक्षिक घेणाराच असतो, हे लक्षात घ्यावे.

बॅच किती मुलांची, हाही प्रश्न महत्त्वाचा. प्रात्यक्षिकात मुले जोडीने बसतात, एक प्रयोगकर्ता आणि एक प्रयुक्त. बारा-पंधरा मुलांच्या बॅचमध्ये शिक्षक प्रत्येक जोडीपाशी जाऊन सूचना कशा दिल्या जातात ते ऐकू शकतो. चाळीस मुले एका खोलीत असतील, तर एक जोडी पुढे प्रयोग करते आणि बाकीची वही भरतात.

चाचण्यांच्या कपाटाकडेही बघा. चाचणीचे मूळ संच, हस्तपुस्तिका आणि उत्तरपत्रिका विकत घेतलेल्या आहेत की झेरॉक्स आहेत? झेरॉक्सवर काम चालवणे कायद्यात बसत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलांना चाचणीची गोपनीयता शिकवायची सोडून ती मोडायची सवय लागते. शिकण्यासाठी भाटिया बॅटरी जरूर हाताळावी, ती भारतीय परिस्थितीसाठी बनवलेली महत्त्वाची बुद्धिमापन चाचणी आहे; पण तिचे मानदंड, म्हणजे तुलनेसाठीचे गुण, १९५५ च्या सुमाराचे आहेत. पिढ्यांगणिक बुद्धिमापन चाचण्यांतील सरासरी गुण अनेक देशांत वाढत गेले आहेत, त्यामुळे इतक्या जुन्या मानदंडांवर काढलेला बुद्ध्यंक खऱ्यापेक्षा जास्त येतो. ज्या मुलाला बौद्धिक अक्षमतेसाठी मदत मिळायला हवी, तो अशा मापनात सुटून जातो. हे समजावून सांगणारा शिक्षक विभागात असेल, तर त्या विभागाला आम्ही दोन गुण जास्त देऊ.

संख्याशास्त्राबद्दल थोडक्यात. एसपीएसएस, जामोवी किंवा आर या संगणक प्रणालींपैकी काय शिकवतात आणि संगणकावर मूल स्वतः बसते की पडद्यावर बघते, एवढे विचारा. जामोवी आणि आर मोफत आहेत, तेव्हा परवाना परवडत नाही ही सबब चालत नाही.

क्षेत्रकार्य आणि इंटर्नशिपच्या बाबतीत माहितीपत्रकावर अजिबात विसंबू नये. ‘नामांकित रुग्णालयांशी करार’ हे वाक्य सगळीकडे असते. विचारायचे ते असे: गेल्या वर्षी किती मुले प्रत्यक्ष गेली, किती तास, तिथे त्यांच्यावर देखरेख कोणाची होती आणि त्या व्यक्तीची पात्रता काय? एकोणीस-वीस वर्षांच्या पदवीच्या विद्यार्थ्याने निरीक्षण करावे, नोंदी घ्यायला शिकावे, शाळेत किंवा संस्थेत देखरेखीखाली गट-उपक्रमांत मदत करावी. ‘पहिल्या वर्षापासून रुग्णांचे समुपदेशन करायला मिळेल’ असे कोणी सांगत असेल, तर तो प्रवेश नाकारायला आम्हांला तेवढे एक कारण पुरेसे वाटते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसासमोर अप्रशिक्षित मूल बसवणे दोघांसाठीही धोक्याचे आहे.

पुढच्या वाटेबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. बी.ए. किंवा बी.एस्सी. मानसशास्त्र करून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही; नुसते एम.ए. सायकॉलॉजी करूनही नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, मान्यताप्राप्त पात्रतेशी जोडलेली आहे. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आजवरची ठरलेली वाट दोन वर्षांच्या एम.फिल.ची होती. यूजीसीने एम.फिल. बंद केल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी ती २०२५-२६ च्या सत्रापर्यंत चालू ठेवली. दरम्यान परिषदेने चार वर्षांची बी.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी ऑनर्स आणि दोन वर्षांची एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी असे नवे अभ्यासक्रम आणले. त्यामुळे जुन्या माहितीवर योजना आखू नका. ज्या वर्षी प्रवेश घेता, त्या वर्षीचे परिपत्रक वाचा. ‘आरसीआय मान्यताप्राप्त’ असे कोणी म्हटले, की परिषदेच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात: संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव आणि मान्यतेचा कालावधी. मान्यता त्या एका अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीसाठी असते. संस्थेच्या एखाद्या विशेष शिक्षण पदविकेला मान्यता आहे म्हणून तिच्या बी.ए. मानसशास्त्रालाही ती आहे, असा अर्थ होत नाही.

समुपदेशन, उद्योग, शिक्षण, संशोधन या वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांच्या पायासाठी चांगली साधी बी.ए. पुरते. अठराव्या वर्षी ‘क्लिनिकलच’ असे ठरवून टाकण्यापेक्षा सगळी दारे उघडी ठेवणारी, पाया पक्का करणारी पदवी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीचा पर्याय हातात असेल तर सावध राहावे. २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, ज्यांत मानसशास्त्र आहे, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन चालवायला यूजीसीने मनाई केली आहे. तरीही जाहिराती दिसल्या, तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत नाव बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

भाषेचा मुद्दा मराठी माध्यमातील मुलांनी संकोच न करता विचारावा: उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, ग्रंथालयात मराठी संदर्भग्रंथ आहेत का? संकल्पना इंग्रजीत पाठ करून न समजण्यापेक्षा मराठीत समजून घेऊन हळूहळू इंग्रजी वाचन वाढवणे केव्हाही चांगले. पुढे काम ज्या माणसांबरोबर करायचे, ती आपले दुःख मराठीतच सांगणार आहेत.

पैशांचे. शुल्काची तुलना एका वर्षाची करू नका, पूर्ण पदवीची करा: शिकवणी, परीक्षा, प्रयोगशाळा, वसतिगृह, क्षेत्रकार्याचा प्रवास आणि दरवर्षीची वाढ. ‘आजच भरा, नाहीतर जागा जाईल’ या दबावाखाली पैसे भरले गेलेच, तरी परताव्याचा नियम आहे. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर संपूर्ण शुल्क परत मिळते, फक्त प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त पाच टक्के आणि तेही पाच हजार रुपयांच्या आत कापता येतात. त्यानंतर ९०, ८० आणि ५० टक्के असे टप्पे आहेत. अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही मिळत नाही. २०२४-२५ साठी तर ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फक्त हजार रुपये कापून परतावा देण्याचे आदेश होते. चालू वर्षाच्या तारखा यूजीसीच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला पडताळून लगेच परत करायचा असतो. तो अडकवून ठेवायला संस्थेला परवानगी नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत वेगळी काळजी घ्यावी लागते. वाटप झालेली जागा मुदतीत ‘अ‍ॅक्सेप्ट’ केली नाही, तर ती नाकारली असे धरून विद्यार्थी प्रक्रियेतूनच बाहेर पडतो. ‘अपग्रेड’ निवडले आणि पसंतीक्रमात वर असलेली जागा मिळाली, तर आधीची आपोआप रद्द होते. मागे फिरता येत नाही. म्हणजे खरा निर्णय जागा मिळाल्यावर घ्यायचा नसून पसंतीक्रम भरतानाच घ्यायचा आहे.

महाविद्यालयांनाही विनंती आहे. श्रेयांकांचा तक्ता, पूर्णवेळ शिक्षकांची संख्या, प्रात्यक्षिकाच्या बॅचचा आकार, चाचण्यांची यादी आणि गेल्या वर्षीच्या क्षेत्रकार्याचे तास एवढे एका पानावर प्रवेशाआधी जाहीर करावे. आपल्या वृत्तपत्रानेही कटऑफच्या तक्त्यांशेजारी ही माहिती मागवून छापावी.

निर्णय झाला, की बाकीचे प्रवेश त्याच दिवशी रद्द करा: प्राचार्यांच्या नावे अर्ज, शुल्काची पावती, बँक खात्याचा तपशील, आणि अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा तारखेसह शिक्का. परताव्याचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, आणि सुटलेली जागा पुढच्या यादीत प्रतीक्षेतल्या मुलाला मिळते.

आपले विश्वासू,
मानसशास्त्र विषयाचे काही महाविद्यालयीन शिक्षक