टिकालचं जंगल आणि पावसाचं पाणी

संपादक महोदय,

गेल्या वर्षी लेकीबरोबर ग्वाटेमालाला जाणं झालं तेव्हा टिकाल नॅशनल पार्क, म्हणजे जंगलातलं मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचं जुनं शहर, बघितलं, आणि आपल्याकडे यावर फार कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. जवळच्या फ्लोरेस गावी मुक्काम करून पहाटे निघालो, अंधारात आधी आवाजच आला, वाघ डरकाळी फोडतोय असं वाटून मी लेकीचा हातच धरला, तर गाइड म्हणाला ही हाउलर माकडं! नंतर मोठ्या चोचीचे टूकन पक्षी दिसले, शेपट्या वर करून फिरणारे कोआटी नावाचे प्राणी तर अगदी पायाजवळून गेले.

चौथ्या क्रमांकाचं मंदिर साधारण ६५ मीटर उंच आहे, लाकडी जिन्याने वर गेलो की खाली सगळं धुकं आणि त्यातून वर आलेली माया लोकांची मंदिरं, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीची. पहिल्या मंदिरावर मात्र चढू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, दगड झिजतात.

मला सगळ्यात भावलं ते पाणी. तिथे नदी नाही, एवढं मोठं शहर पावसाचं पाणी तलावांत साठवून जगलं, आपल्या गडांवरच्या टाक्यांचीच आठवण झाली. १९७९ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे, तीही निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी. अमेरिकेत मुलंबाळं असणाऱ्यांनी तिकडे गेल्यावर चार दिवस काढून हे नक्की बघावं, फक्त पावसाळा टाळा आणि पाण्याची बाटली परत आणा.

— एक वाचक, ठाणे