उपदेश पुसला जातो, आजारपण फिरत राहते

संपादक महोदय,

रविवारची उपासना फेसबुकवर लाइव्ह दाखवली की काम झाले, असे अनेक ख्रिस्ती मंडळ्या धरून चालतात. पण फेब्रुवारी २०२५पासूनचे नवे लाइव्ह व्हिडिओ फेसबुक ३० दिवसांनी काढून टाकते. तोवर उतरवून घेतला नाही, तर उपदेश गेलाच. यूट्यूबवर तो टिकतो; पण दीड तासात उपदेश नेमका कुठे सुरू होतो, हे शोधत कोण बसणार? व्हिडिओखालच्या वर्णनात प्रत्येक भाग सुरू होण्याच्या वेळा लिहाव्यात. पहिली वेळ ०:००, एकूण किमान तीन, आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा. यातले एक चुकले तरी व्हिडिओचे भाग पडत नाहीत.

ब्लॉग आता कोण वाचतो, असेही ऐकू येते. मंडळीतले कदाचित वाचत नसतील. पण ‘देव माझी प्रार्थना का ऐकत नाही’ असे मध्यरात्री गुगलवर टाइप करणाऱ्याला लेखी मजकूर चटकन सापडतो. त्यासाठी शीर्षकही तसेच हवे. ‘रविवारचा संदेश, भाग ७’ असे कोणी शोधत नाही. एका लेखात बायबलमधला एकच उतारा घ्यावा, सहा-सातशे शब्द पुरेत. उपदेश जसाच्या तसा उतरवू नये, कारण बोलताना शोभणारी पुनरुक्ती वाचताना खुपते. ‘रक्ताने धुतलेले’, म्हणजे येशूच्या बलिदानाने पापमुक्त झालेले, हे मंडळीत सहज कळते, बाहेरचा वाचक मात्र दचकतो! गुलाबाच्या फोटोवर छापलेले बायबलचे वचन खाली मजकूर म्हणूनही टाइप करावे, म्हणजे ते शोधता येते आणि दृष्टिहीनांच्या फोनला नीट वाचून दाखवता येते.

खरा निष्काळजीपणा व्हॉट्सॲपवर होतो. ‘अमक्या ताईंचे गर्भाशयाचे ऑपरेशन आहे, प्रार्थना करा’ हा मेसेज तासाभरात ताईंच्या ऑफिसात पोचलेला असतो. ताईंना विचारले होते का? सूचना आणि वचने व्हॉट्सॲपच्या चॅनेलवर टाकावीत. तिथे अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. प्रार्थनेच्या विनंत्या मोजक्या लोकांच्या ग्रुपमध्ये, त्या व्यक्तीला विचारूनच आणि आजाराचे नाव न घेता द्याव्यात. तिथे मेसेज ७ दिवसांनी नाहीसे होण्याची सोय सुरू करावी. अर्थात स्क्रीनशॉट त्यानेही थांबत नाही.

आणि फेसबुक पेजचे ॲडमिन दोघे तरी असावेत. सगळे सांभाळणारा तरुण नोकरीसाठी दुसरीकडे गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

– एक वाचक