मजकूर लिहायला वयाची अट कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात 'पाहिजेत'मध्ये एका संस्थेची छोटी जाहिरात होती. जाहिरातींचा मजकूर लिहिणारे व जाहिराती मिळवणारे पाहिजेत, मराठी-कन्नड दोन्ही आवश्यक, बाजारपेठेची माहिती असलेल्या अनुभवींना प्राधान्य, वय 30 च्या आत. बाजारपेठ ओळखणारा, अनुभवी आणि वर तिशीच्या आतला, असा माणूस बेळगावात कुठे मिळतो ते मलाही बघायचे आहे. मी 54 वर्षांचा आहे. हेच काम सात वर्षे करतो आहे, म्हणून हे पत्र.

त्याआधी 22 वर्षे उद्यमबागेतल्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, स्टोअर्स सांभाळले. पिग आयर्न म्हणजे कच्चे लोखंड किती आले, कास्टिंग म्हणजे ओतीव माल किती गेला, रिजेक्शन किती, एवढेच माझे लिखाण. ऑर्डरी आटल्या आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी हिशेब हातात देऊन घरी बसवले. चार महिने अर्ज करत फिरलो. आधी वय विचारायचे, मग 'कळवतो' म्हणायचे.

जाहिरातीत आलो तो दुसऱ्याच्या चुकीमुळे. खडेबाजारातल्या ओळखीच्या कापड दुकानात गेलो होतो. काउंटरवर हँडबिलांचा ताजा गठ्ठा, वर ठसठशीत अक्षरांत 'एकावर एक उचित!' मला हसू आवरेना. कन्नडमध्ये उचित म्हणजे फुकट, मराठीत उचित म्हणजे योग्य. कन्नड हँडबिल कुणीतरी बसल्या जागी मराठी करून टाकले होते. खाली 'सुवर्ण अवकाश' होताच. कन्नडमधला अवकाश म्हणजे संधी. आपले गिऱ्हाईक विचारणार, सेलला अजून अवकाश आहे काय? मालकांना हे फोड करून सांगितले तर ते म्हणाले, "एवढं कळतंय तर तुम्हीच लिहून द्या की." तिथेच बिलाच्या पाठीवर लिहून दिले. मोबदला अर्धा किलो कुंदा. पुढच्या खेपेला मात्र पैसे घेतले.

मग शिकलो. गल्लीतल्या डीटीपीवाल्या पोराकडे रोज संध्याकाळी बसायचो. संगणकावर टाइप करायला मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी ही सॉफ्टवेअर. तो माझ्या मुलापेक्षा लहान, पण त्याला मी सरच म्हणायचो. वर्तमानपत्राची जागा कॉलम सेंटीमीटरवर विकतात हे त्यानेच सांगितले. दोन कॉलम रुंद, दहा सेंटीमीटर उंच म्हणजे वीस, गुणिले दर. स्टोअर्समध्ये आयुष्य घालवलेल्याला हा गुणाकार अवघड नव्हता. अवघड होते ते त्या वीसात मावावे म्हणून शब्द गाळणे. दुकानदाराला पैसे दिले त्या जागेत सगळेच हवे असते. मालकाचा फोटो, वडिलांचा फोटो, देवाचा फोटो, आणि उरलेच तर माल.

पण माझी खरी कमाई म्हणजे फाउंड्रीत भेटलेल्या माणसांची ओळख. दिवसपाळीला चंदगडकडची पोरे होती, खानापूरकडची होती, हुक्केरीचे कन्नड बोलणारे होते. कुणाच्या घरी उसाचे बिल कधी येते, लग्नाचा बस्ता कधी बांधतात, हे डबा खाताना ऐकलेले. भाताच्या लावणीत जो माणूस चिखलात उभा आहे त्याला त्या आठवड्यात सोन्याची जाहिरात दाखवून काय उपयोग? एका सराफांना एवढेच सांगून त्यांची जाहिरात दोन महिने पुढे ढकलायला लावली. ते आजही माझे गिऱ्हाईक आहेत. चंदगड महाराष्ट्रात, पण तिथली बाजारहाट बेळगावात होते, जिल्ह्याच्या नकाशात ती दिसत नाही. बेंगळुरूहून योजना आखणारे चंदगड म्हणजे दुसरे राज्य म्हणून सोडून देतात.

फलकांचेही तसेच. कर्नाटकच्या कन्नड भाषेच्या कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचे आहे. त्याच्या बऱ्यावाईटाबद्दल या सदरात पुष्कळ जण लिहितात, मी आणखी लिहीत नाही. मला रोज पडणारा प्रश्न वेगळा आहे. उरलेल्या 40 टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी बसवायची, आणि तरी रस्त्यावरून जाणाऱ्या आजीला दुकान कसले ते कळले पाहिजे. तिथे दोन्ही भाषा बोलून मुरलेला माणूस लागतो.

वयाचा आणखी एक उपयोग सांगतो. 'मधुमेह मुळापासून बरा, खात्रीने' असा मजकूर घेऊन एक जण आले होते. रक्कम चांगली होती. 1954 च्या औषधी जाहिरातींच्या कायद्यात मधुमेह बरा करण्याच्या दाव्याला बंदी आहे, हे मी त्यांना सांगितले. खरे तर कायदा नंतर आठवला, आधी माझे वडील आठवले; असल्याच पुड्यांवर भरवसा ठेवून त्यांनी इंजेक्शन सोडले होते. विशीत मी ते काम घेतले असते.

जाहिरातीच्या धंद्यातला जगप्रसिद्ध डेव्हिड ओगिल्व्ही आधी पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाकी होता, नंतर दारोदार चुली विकत फिरला. न्यूयॉर्कला स्वतःची जाहिरात संस्था काढली 1948 मध्ये, तेव्हा तो सदतिशीचा होता. आपल्या 'पाहिजेत'मध्ये त्याचा अर्ज बाद झाला असता.

हे सगळे वाचून कुणी उद्या नोकरी सोडू नये. पहिल्या वर्षी मला स्टोअर्सच्या निम्मेही मिळाले नाही, घर बायकोच्या शिलाईवर चालले. एजन्सीला जाहिरातीमागे 15 टक्के कमिशन मिळते असे ऐकायला बरे वाटते, पण वर्तमानपत्राचे पैसे आधी आपण भरायचे आणि दुकानदाराने 'दिवाळी झाल्यावर बघू' म्हणायचे. गेल्या दिवाळीच्या माझ्या दोन बिलांचे पैसे अजून यायचे आहेत. तरुण पोरे मोबाइलवरची जाहिरात माझ्यापेक्षा दहापट चांगली करतात, हेही मान्य. म्हणून त्यांच्याबरोबर आम्हालाही उभे करा एवढेच मागणे. लिहून घ्या, दोन भाषांत लिहून घ्या, आणि मग निवडा.

आपल्या जाहिरात विभागात भरती निघेल तेव्हा वयाची ओळ गाळता आली तर बघावे. आणि त्या रविवारच्या जाहिरातीत 'अनुभवी'चा नु दीर्घ पडला होता. पुन्हा छापताना तेवढा ऱ्हस्व करून घ्यावा.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव